काचेला नाक लागेल म्हणून

म्हापशाच्या बाजारात, चणेकारांच्या ओळीमागे
सहा हात रुंद माझं दुकान.
शांतादुर्गा, सायबीण, दहावीत पहिली आलेली मुलगी
आणि सगळ्यांत जास्त मेलेले:
पासपोर्टचा फोटो ताणून ताणून मोठा केलेला,
दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणून दचकलेले चेहरे.
त्यांना काळी पट्टी, दोन मिलिमीटरची काच,
वर हारासाठी आकडा.
बत्तीस वर्षं हेच.

एर्मेलिंदाबाय आली ती शुक्रवारी, बाजार ऐन भरात असताना.
एका हातात बांगड्यांची पिशवी,
दुसऱ्या काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी,
वास लागू नये म्हणून लांब धरलेलं.
"मनिलाहून आलंय," म्हणाली. "हळू सोड."

सोडलं, आणि एक पाऊल मागे झालो.

माणूस होता. बहुतेक.
कपाळ हिरवं, खाजणाच्या शेवाळल्या बांधासारखं.
गालांवर रंग थापीने ओढलेला, गवंडी गिलावा ओढतो तसा.
एक डोळा पुरा. दुसरा काढून परत खरवडलेला,
आत कॅनव्हासचं सूत उघडं.
तोंड म्हणजे एकच नारिंगी फटकारा.
आणि नाक...
रंगावर रंग चढून नाक बोटभर बाहेर आलेलं.

"हा कायतान."

कायतानला मी ओळखत होतो.
जहाजावरचा कुक. नीट भांग, इस्त्रीचा शर्ट,
गेल्या वर्षी काळ्या पट्टीत मीच बसवला होता.

तिने सांगितलं ते तुटक, पट्ट्यांचे भाव विचारता विचारता.
रोडेल म्हणून एक फिलिपिनो, भटारखान्यात त्याच्या हाताखाली अकरा वर्षं.
त्याची मुलगी लिगाया चित्रं काढते,
तिकडे नाव आहे म्हणे तिचं.
तिने कायतानला कधी पाहिलं नाही.
बाप सुटीवर यायचा, जेवताना त्याच्याबद्दल बोलायचा.
त्या बोलण्यावरून काढलंय.

"नाक त्याचं नव्हे.
हिरवा तर तो वादळातसुद्धा पडला नाही.
आणि भांग कुठाय?"
मग गप्प झाली.
बोट पुढे नेलं, टेकवलं नाही.
"पण ही मान बघ.
तेल तापलं का ते तो बघायचा नाही, ऐकायचा.
अशी. डावीकडे. एवढीच.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
मला ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं."

मी फूटपट्टी घेतली. अशा वेळी मापं बरी.

चौकट चारी बाजूंनी पाव इंच खाते.
आजवर कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
खालच्या कडेला अंगठ्याचा ठसा होता,
ओल्या रंगात उमटून वाळलेला.
पोरीचा असेल,
नाहीतर पार्सल बांधायच्या घाईत बापाचा.
पाव इंचात तो गेला असता.

"काच घाल," ती म्हणाली. "जुलैत आमच्या भिंतीलासुद्धा बुरशी येते."
"काचेला नाक लागेल, बाय."

ती हसली. माझ्या दुकानात तसं कुणी हसत नाही,
समोरच्या चणेकारणीने मान वर करून पाहिलं.
"लागू दे रे. दाबोळीला जाताना
टॅक्सीच्या काचेला नाक चेपून बसायचा तो,
पोरं हसावीत म्हणून.
गाडी वळली तरी काढायचा नाही."

नंतर पदर नसलेल्या फ्रॉकच्या बाहीला तिने डोळे पुसले
आणि पन्नास रुपये कमी करायला सांगितलं.

पेटीसारखी खोल चौकट केली.
काच दोन बोटं पुढे, कडा चारी मोकळ्या, ठसा उघडा.
सागवान जास्त गेलं. ते धरलं नाही.

न्यायला ती सोमवारी येणार.
तोवर तो इथेच, मेलेल्यांच्या ओळीत.
बाकीचे सगळे समोर बघतात,
फोटोवाल्याने बजावल्यासारखे.
काल रात्री फळी लावताना पाहिलं,
हा एकटाच मान कलती करून,
आणि बाहेर गाड्यावर
कुणीतरी मिरच्या तळायला घेत होतं.