दस्त

बेलापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर पाटी आहे :
दस्त नोंदणी, पहिला मजला.
नवा रखवालदार जौनपूरचा. पहिल्याच दिवशी
पाटी वाचून पोट धरून हसला.
त्याच्या हिंदीत दस्त म्हणजे जुलाब.
"इसके लिए भी नंबर लगता है?"

तेवीस वर्षं मी इथे दस्त लिहितो
आणि शब्द कधी उघडून पाहिला नव्हता.
रोजच्या किल्लीकडे कोण बघतं.

बुबेरेचाचांनी सांगितलं. पूर्वी ते स्टॅम्प विकायचे,
आता नुसतेच येऊन बसतात, पंख्याखाली.
दस्त म्हणजे हात, फारसीत.
दस्तऐवज, हाताला धरून राहायला काहीतरी.
दस्तुरखुद्द, हात ज्याचा त्याचा.
जबरदस्ती, वरचा हात.
"आणि जुलाब?"
"तोही हातच असावा," चाचा म्हणाले,
"पण कसा, ते जेवणाच्या आधी नको."

गुरुवारी पोशीबाई घरत आल्या, शहाबाजच्या,
हक्कसोडपत्राला. बरोबर दोघे भाऊ, एक भाचा,
भाच्याच्या हातात पेढ्यांचा पुडा, आधीच.

यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
तर्जनी, मधलं, करंगळी, मग डावा हात,
मग फुंकर घालून, मग भाच्याने वरून दाबून.
लाल.
"रेगा मिठानी खाल्ल्या रं," बाई म्हणाल्या,
"चालीस वरसं आगरान फावरं मारलं."

पडद्यावर अक्षरं आली : ठसा आढळला नाही.

यावर तोडगा असतो. दोन साक्षीदार, एक शपथपत्र,
दहा मिनिटांचं काम, मजकूर मला तोंडपाठ.
मी खण उघडला. कोरे कागद वर-खाली केले.
खण बंद केला.
"नमुना संपलाय," मी म्हणालो, "सोमवारी बघू."
बुबेरेचाचांनी माझ्याकडे पाहिलं
आणि मग पंख्याकडे.

भाऊ साहेबांच्या टेबलाशी भांडत राहिले.
बाई एकट्याच जिना उतरल्या,
कठडा न धरता, हात पदराखाली घेऊन.
रखवालदाराने दार धरलं, हसू दाबत विचारलं,
"हो गया, माई, दस्त?"
"नाय जाला," बाई म्हणाल्या.
"हात परत नेतंय घरा."

अर्थ मी त्यांना सांगितला नव्हता.
पेढे टेबलावरच राहिले. संध्याकाळपर्यंत
कुणी पुडा सोडला नाही.