पथारीवरचा संघ

स्मरणिकेसाठी संघाचा इतिहास दोन पानांत बसवा, म्हणाले.
पहिलं पान अध्यक्षांच्या फोटोंनाच गेलं.
उरलं ते हे.

स्थापना एक्कावन्न साली, दोंडाईचा,
स्टेशनामागे हरगोविंदशेटची मिरचीची पथारी.
पहिले चिटणीस सुपडू शिंपी.
जमा सव्वाअकरा रुपये.
खर्च: चुना, गूळ, शेंगदाणे, शिट्टी.
शिट्टी पुढे तीनदा हरवल्याची नोंद आहे,
सापडल्याची एकदाच.

हंगामात चहूकडे लाल माल वाळत पडलेला,
मधोमध झाडून काढलेली हुतूतूची चौकट.
पाहुणा चढाईला यायचा, मधली रेघ ओलांडायचा,
आणि वारा फिरायचा.
शिरपूर, शहादा, अमळनेर,
भलेभले दमदार आमच्याकडे घसा धरून बसले.
झिपरू पंच थंडपणे हात वर करायचा:
‘खोकलना तो मरना.’

बासष्ट साली अमळनेरकरांची लेखी तक्रार आली.
ती वहीत चिकटवलेली आहे,
खाली सुपडूनानांचं उत्तर, जांभळ्या शाईत:
मैदान आमचे, वारा देवाचा.

बाहेरगावी मात्र आम्ही हरायचो.
मोकळ्या हवेत आमच्या पोरांना
दम कुठे घ्यावा, कुठे सोडावा, कळत नसे.
हे स्मरणिकेत नको, असं ठरलं आहे.

आणि इंदू मालचे.
आठव्या वर्षापासून पथारीवर देठ खुडायला बसलेली.
अठ्ठ्याहत्तरच्या माघात एका संध्याकाळी
सरावाला एक गडी कमी पडला,
ती पदर खोचून उठली: ‘मी येस.’
लोक सांगतात, सुरत पॅसेंजर आली, थांबली, सुटली,
तरी तिचा दम चालूच होता.
गाडी दोन मिनिटं थांबायची, तेव्हा थोडं कमी धरा.
पण भिकन गुजराचा घोटा तिने पकडला होता
आणि तो दोन दिवस पाय माठातल्या पाण्यात घालून बसला,
हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय.
वहीत त्या तारखेला एवढंच:
सराव झाला. गूळ जास्त लागला.

तीन वर्षांनी देठ खुडणाऱ्या सात जणींचा संघ उभा राहिला.
वहीत त्यांची नावं यायला आणखी बारा.

आता पथारीवर प्लॉट पडलेत.
पोरं नंदुरबारला जाऊन मॅटवर खेळतात,
कबड्डी म्हणतात, गुडघ्याला पट्टे बांधतात, चांगलं खेळतात.

मी इंदूमावशीकडे फोटो मागायला गेलो.
फोटो कोणी काढलाच नव्हता.
म्हणाली, एवढं लिखी टाक, भाऊ,
‘आम्ही कव्हयच खोकलनूत नही.’
आणि सांगता सांगता तिला ठसका लागला.
बराच वेळ थांबेना.
मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

झिपरू पंचाला जाऊन सोळा वर्षं झाली.
हात कोणी वर केला नाही.