ताप उतरताना

दोंडाईच्याच्या अलीकडे, खडकाळ माळावर
आमचे अकरा इन्व्हर्टर.
पत्र्याच्या खोल्या. बाहेर शेहेचाळीस,
आत पंख्यांची घरघर, दिवसभर एकाच सुरात.

मागच्या चैत्रात तिसऱ्याचा मधला फेज गेला.
अकरा चाळीस.
नारळ फुटावा तसा एकच आवाज,
मग जळक्या जेलचा वास,
तीन धुण्यांतही शर्टातून न निघालेला.
भावसार साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, कारण: उष्णता.

लोटन आप्पा जाळी धूत होते.
पूर्वी अमळनेरला मोटारी भरायचे,
तांब्याचा जळका वेढा नखाने ओळखायचे.
म्हणाले, "ऊनना काय दोष शे?
ऊन त्ये रोजनंच शे."

मी मेलेला ट्रान्झिस्टर घरी नेला.
रात्री ओट्यावर, कळण्याच्या भाकरीचं ताट बाजूला सारून,
भिंग लावलं.
सिलिकॉनच्या पाटीवर अॅल्युमिनियमच्या तारा,
केसाहून जाड, गोधडीच्या दोऱ्याहून बारीक,
एकेक टाचेशी उचकटलेली.
जळाल्या होत्या त्या नंतर.
आधी सुटल्या होत्या.

तेव्हा कळलं, उशिरा कळलं:
शंभर अंश त्या सोसतात.
शंभराचे साठ, साठाचे पुन्हा शंभर,
पॅनेलांवरून ढगाचं एक चिरगुट गेलं तरी हेच,
हे येणंजाणं सोसत नाही.
सिलिकॉन जरासं फुगतं, अॅल्युमिनियम जास्त,
आणि जोड मात्र एकच, दोघांच्या मधे.
बारांतली एक तार सुटली
की तिचा प्रवाह उरलेल्या अकरा वाहतात,
थोड्या अधिक तापून.
बाहेर काहीच दिसत नाही.
मीटर हिरवा. साहेब खूश.

आप्पांना सांगितलं. ते हसले नाहीत.
"म्हंजे तो मरना नही. थकना."

त्यानंतर मी वही घातली.
दर सोमवारी, तोच प्रवाह, तेवढंच तापमान,
ट्रान्झिस्टर चालू असताना त्याच्या दोन टोकांत किती व्होल्ट उरतात.
दोन पूर्णांक शून्य पाच.
शून्य पाच.
शून्य सहा.
शाळेत इतक्या निष्ठेने मी पाढेही लिहिले नव्हते.

पंख्यांनाही शिकवलं:
ढग आला की हळू व्हा, लगेच गार करू नका.
पेस्ट पातळ लावली, आरपार दिसेल इतकी,
आणि स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्या पोराच्या हातात
मोजणारा पाना दिला. तो रुसला.
कार्तिकात जिनिंगचा कापूस उडतो,
जाळ्यांवर पांढरी लव बसते;
फाल्गुनात मिरचीचा लाल खकाणा.
आप्पा जाळी धुताना शिंकतात,
आणि प्रत्येक शिंकेला मिरचीवाल्यांचा उद्धार करतात.

वरचा आणि खालचा, दोघे कधीच एकत्र चालू नसावेत,
म्हणून त्यांच्यामध्ये तीन मायक्रोसेकंदांचा अबोला ठेवलेला असतो.
तो मी वाढवला नाही, कमीही केला नाही.
काही अबोले कारखान्यातूनच नीट मोजून येतात.

श्रावणात सातव्याचा आकडा
दोन पूर्णांक सोळावर गेला.
मी तो काढला. चालू होता, धडधाकट,
सगळी वीज ओढत होता.
भावसार साहेब म्हणाले, "जिवंत माणसाला तिरडीवर घेता?"
नव्या मॉड्यूलची किंमत माझ्यासमोर मोठ्याने वाचली,
स्टोअरच्या पोरीसमोर.

उत्तर नव्हतं माझ्याकडे.
जो फुटला नाही त्याचा पुरावा काय दाखवणार?
जेलच्या आत पाच तारा सुटलेल्या सापडल्या,
पण तोपर्यंत साहेब शहाद्याला निघून गेले होते.

आज सोमवार.
सातवा: दोन पूर्णांक शून्य पाच.
तिसरा: तेवढाच.
नववा जरा वर आहे, कदाचित माझा हात हलला असेल.
उद्या पुन्हा मोजीन.

आप्पांनी जाळ्या उन्हात टेकवून ठेवल्यात,
भिजलेल्या, ओळीने.
त्यांच्यातून पाणी ठिबकतंय
आणि खाली पोचायच्या आत
निम्मं वाळतंय.