लोड

आरएनटी मार्गावर, तळघरातल्या दुकानात,
जिथे मोबाइलला रेंज नाही आणि चहात साखर जास्त,
फणसळकर काका आले ते थेट म्हणाले,
"सगळ्यात मोठं दाखव."

इंदुरात त्यांना सगळे फणसलकर म्हणतात.
बँकेत, रेशनकार्डावर, मिलच्या हजेरीपटावर
त्यांचा ळ कधीच पोचला नाही.
मीही बिलावर ल च लिहिला.

नेहमीचं विचारलं: काम काय करणार यावर?
म्हणाले, विजेचं बिल. पेन्शनचा दाखला.
आणि टॉवेलच्या किनारी,
ग्राफपेपरवर काढलेल्या, एकशे बारा.
"मिलला कुलूप लागलं त्या दिवशी टेबलावर होत्या,
पिशवीत घालून आणल्या.
आयुष्यात तेवढीच चोरी."

मी म्हटलं, काका, चौकटी रंगवायला
तीस हजारांचं पुरे.
वापरलेलं चालत असेल तर अठरात बसवून देतो.
हे यंत्र पूल बांधणाऱ्यांचं, सिनेमे करणाऱ्यांचं.
तुमच्याकडे ते म्हणजे
शेंगा फोडायला रोडरोलर.

काका काचेतून आतले पंखे बघत होते.
"पुरे," ते म्हणाले,
सुतातली गाठ बोटाने चाचपावी तसं.
"एकवीस वर्षं थकबाकीचा खटला चालला.
दर तारखेला कोणीतरी सांगायचं
फणसलकरला किती पुरे.
वकील सांगायचा. वर बसलेला साहेब सांगायचा.
घरी सून सांगते, दोन पोळ्या पुरे.
आता तू."

मी गप्प बसलो.
पण मोठ्या यंत्रावर कमिशनही मोठं असतं,
त्यामुळे त्या गप्प बसण्याचं
मला फार कौतुक नाही.

दोन महिन्यांनी फोन. "आवाज येत नाही रे."
स्पीकरची वायर घेऊन परदेशीपुऱ्यात गेलो,
जिना चढलो, दुसरा मजला,
तर स्पीकर ठणठणीत, त्यावर बातम्या चाललेल्या.
"याचा नाही. यंत्राचा.
चालतंय की बंद पडलंय, कळायचं कसं?
अठ्ठावीस वर्षं दोनशे मागांच्या खात्यात काढली मी.
न वाजणारं मशीन मला मेलेलं वाटतं."

मी लोडचा तक्ता उघडून दाखवला.
तीन टक्के.
हिरवी रेघ जमिनीलगत सरपटत होती.
मला वाटलं, आता पश्चात्ताप होणार,
आता परत घेता का विचारणार.

"म्हणजे सत्याण्णव टक्के नुसतं बसून?"
"हो."
"खात्यात असं दिसलं असतं
तर मास्तरने माग थांबवून माणूस घरी पाठवला असता."
त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.
"बसू दे.
पुष्कळ वर्षांनी कोणीतरी भरपगारी बसलंय."

मग पेटीवर तळवा ठेवला, बराच वेळ.
"गरम आहे," म्हणाले. "झालं. चालतंय."

एक्केचाळीस किनारी झाल्या होत्या,
लाल चौकट, दोन सोडून हिरवी,
मध्येच एक चुकलेली निळी,
ती तशीच ठेवलीय. कागदावरही चुकलेली होती म्हणे.
आणि सगळ्यात पहिली फाइल,
यंत्र घरी आलं त्या रात्रीची:
पडदाभर एकच आडनाव,
ळ सकट.

गिऱ्हाइकांना मी अजून तेच सांगतो.
तीस हजारांचं पुरे.
ते खरंच आहे, कोणालाही विचारा.
माझा स्वतःचा लॅपटॉप नऊ वर्षांचा,
बिजागरी रबरबँडवर,
हे लिहितोय तर पंखा गिरणीसारखा घरघरतो
आणि ळ चं बटण केव्हाच निखळून पडलंय.
त्यासाठी काही कोणी नवीन घेत नाही.

पेनड्राइव्हवर काकांची ती पहिली फाइल आहे, बारा केबी.
ळ लागला की
तिथून उचलतो.