काट्याखालची चिंच

उदगीरच्या मोंढ्यात दुपारी तीनला हमाली थांबते,
तुरीच्या फोलाची धूळ खाली बसते
आणि माडीवर मी एक वाक्य खोडत बसते.
'पालन केलेले नाही.'
खोडून : 'पालन झाल्याची खात्री देता येत नाही.'
या दोन वाक्यांच्या मधे
एक अख्खा देश उभा आहे, उन्हात, हात मागं बांधून.

कागद व्हिएन्नात कुलपात आहेत.
रजेवर फक्त हे वाक्य सोबत आलं,
विमानतळावर ते कुठल्याच बॅगेत सापडलं नाही.

मला माहीत आहे ते एवढंच :
गोदामाच्या भिंतीवरून कापसाच्या फडक्यानं पुसून घेतलेल्या
सहा नमुन्यांत तीन कण निघाले.
आधी ते म्हणाले, इथं रंगाचे डबे होते.
मग म्हणाले, जुन्या यंत्राला चिकटून बाहेरून आले असतील.
तिसऱ्यांदा गेलो तर फरशी नवी.
करडी, देखणी. कडेचं सिमेंट अजून ओलं.
कॅमेरा अकरा दिवस आंधळा. कारण, वीज गेली होती.
वीज जाते, हे उदगीरच्या पोरीला
कुणी शिकवायला नको.

आणि हिशेबात थोडं कमी भरतंय.
कमी भरणं म्हणजे पाप नव्हे. नळीत चिकटतं, गाळात बसतं.
अप्पा त्याला घट म्हणत.

अप्पा वजनमापांचे निरीक्षक.
पिशवीत पितळी वजनं, हातोडी, शिशाचे शिक्के.
"तूर सुकती. घट धरावीच लागती.
पर किती, ते पोतं यायच्या आधी ठरलेलं पायजे.
मागून ठरली की ती घट नसती."

हुडग्यांच्या अडतीत पारड्याच्या बुडाला
सुपारीएवढी चिंच सापडली तेव्हा मी सोबत होते.
दिवाणजी म्हणाला, लेकरानं चिकटवली असंल की साहेब.
लेकरू खरंच तिथं होतं. बोटं चोखत.
अप्पांनी लिहिलं : काटा चाळीस ग्रॅम झुकता. कारण, चिंच.
कुणी लावली, माहीत नाही.

अडत चार महिने बंद राहिली.
सटवाजी हमालाची बायको आमच्या पायरीवर येऊन बसली,
काही मागितलं नाही, तांब्याभर पाणी पिऊन गेली.
त्या रात्री अप्पा जेवले नाहीत.
समोरचा अडत्या सांगून गेला होता, चोरी असा शब्द घाला.
तो घातला नाही.
चाळीसाचे तीसही केले नाहीत.

मला ही गोष्ट पुरत नाही.
माझ्या वाक्यानंतर पस्तीस खुर्च्या हात वर करतील,
त्यानंतर काय होईल ते माझ्या रकान्यात नाही,
पण विमानं रकाने वाचत नाहीत.
निघताना त्यांचा एक अधिकारी चहा ओतत म्हणाला,
"मॅडम, तुमच्या देशानं तर या करारावर सहीच केलेली नाही."
चहा चांगला होता.
मी सीलचा नंबर पुन्हा एकदा उतरवून घेतला.

संध्याकाळी गच्चीवर अप्पांना सगळं सांगितलं,
देशाचं नाव गाळून.
चौऱ्याऐंशीचे कान. अर्धं वाऱ्यानं नेलं.
बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं,
"तुमची वजनं कोण तपासतंय?"

मी सांगायला लागले : प्रयोगशाळा, दुसरी प्रयोगशाळा,
आंधळे नमुने, दर वर्षी...
आणि वीज गेली.
सवयीनं घड्याळ पाहिलं. सात बेचाळीस.
आली तेव्हा सात पन्नास.
मधली आठ मिनिटं मी इथंच होते, कशाला हात लावला नाही.
साक्षीला फक्त अप्पा,
आणि त्यांना अंधारात दिसत नाही.