एकशेवीस ग्रॅम

साइमी विल्पुला, वय चौऱ्याऐंशी.
किमी नदीकाठच्या कागद गिरणीत
एकतीस वर्षं निवडखात्यात.
आधी गिरणी बंद पडली,
मग डोळ्यांचा मधला भाग.
कडेचं दिसतं अजून: खिडकीची चौकट, कुणाचे कान,
ताटाची किनार.
ताटातला बटाटा नाही.

मी दर मंगळवारी जाते, पालिकेकडून.
पिशवीत ठिपके, काठी, बोलकं घड्याळ.
दर मंगळवारी ती दारातच विचारते, कोण?
मी ओइली. डोळ्यांची बाई.
"बरं," म्हणते, "मग आणलेस का डोळे?"

पहिला धडा: सरळ बघायचं नाही.
हवंय त्याच्या जरा डावीकडे बघा,
केटलीच्या कानाकडे, म्हणजे केटली दिसेल.
तिला जमतं. हसते.
केटली उचलेपर्यंत धडा विसरते.

मग ठिपके. शेगडीच्या बटणाभोवती,
नारिंगी, टणक, मसुरीएवढे:
इथे बंद, इथे मंद, इथे मोठी.
पुढच्या मंगळवारी एकही जागेवर नाही.
पुन्हा चिकटवले. पुन्हा नाहीत.
मी वहीत लिहिलं,
स्मरण क्षीण, सहकार्य बेताचं.
ती ओळ खोडलीय आता, पण वाचता येते.

तिसऱ्यांदा चिकटवून निघाले,
जिन्यात आठवलं, हातमोजे राहिले.
परत फिरले तर ती शेगडीपाशी.
अंगठा बटणावरून फिरत होता,
थबकला,
आणि नखाच्या कडेनं, कागद दुखावू नये इतक्या अलगद,
तिनं ठिपका खरवडून काढला.
एप्रनच्या खिशात टाकला.
खिशात आधीचे सहा होते.

"हे काय करताय?"
"गाठ होती. अशी एक गाठ पुढे गेली
तर छापखाना अख्खा गठ्ठा परत धाडतो."

मी हातमोजे न घेताच बसले.
इतके दिवस मी विचारत होते,
आज वार कोणता, गोळी घेतली का, मी कोण.
सरळ विचारलं की प्रश्न नेमका
तिथेच पडतो जिथे भोक आहे.

वहीतलं एक पान फाडून तिच्या हातात दिलं.
तिनं ते कानाशी नेऊन झटकलं.
"सत्तर. स्वस्तातलं. आणि ओल धरलीय."
मग बोलत राहिली, कॉफी गार होईस्तोवर:
चाळीस बायका, उत्तरेच्या खिडक्या,
पानं पंख्यासारखी उलगडून चार-चार मोजायची,
एल्वी नावाची एक जण मोजता मोजता रडायची
पण मोजणी चुकायची नाही.
"पाचशे झाली की पट्टी खोचायची.
पट्टीला मात्र कुणी हात लावत नसे."

पट्टी.
शेगडीवर कागद कसा लावणार?
माझ्या नवऱ्यानं पत्र्याच्या तीन कापून दिल्या.
त्या टिकल्या. मीठ आता पातळ कागदात,
साखर जाड पुठ्ठ्यात,
रात्रीच्या गोळ्यांवर खरखरीत, सकाळच्या गुळगुळीत.
काठी अजून छत्रीच्या बादलीत पडून असते.
परवा खीर लागली, भिंत काळी झाली.

इस्पितळाचं पाकीट तिनं न उघडताच परत दिलं.
"ऐंशी. सरकारी.
चांगली बातमी ते इतक्या पातळावर लिहीत नाहीत."
मी वाचून दाखवलं. खरंच नव्हती.

नाव तिला अजून आठवत नाही.
दार किलकिलं होतं, फटीतून हात येतो,
मी माझं कार्ड ठेवते.
ती ते दोन बोटांत वाकवते, सोडते,
ताठ होताना ऐकते.
"एकशेवीस ग्रॅम. ये आत."

ती खिडकीकडे तोंड करून बसते.
मी खिडकीच्या जरा उजवीकडे.