वरचा की खालचा

अमरमहल पुलाच्या उतारावर
क्लचचं पेडल खाली गेलं ते परत आलंच नाही.
चपलेचं नाक अडकवून मी ते वर ओढलं,
दाबलं, पुन्हा ओढलं, तीनदा, चारदा,
तेव्हा कुठं पहिला पडला, करकरत.
मागं दोन ताशे, एक बेंजो, कीबोर्ड
आणि रोहिदास, झोपलेला.
हळदीला पोचायला अर्धा तास.
पोचलो. दर सिग्नलला गाडी बंद करायची
आणि गिअरमध्येच चावी मारायची. उडी मारून निघायची बिचारी.

कलिन्याला कोलोवरीत पास्कूच्या गॅरेजला बोर्ड नाही,
दारात अर्धी फियाट आहे, तीच खूण.
बॉनेटला हात लावण्याआधी त्यानं माझं दार उघडलं,
चटई उचलली,
पेडलच्या मागं पत्र्यावर बोट फिरवलं
आणि बोट नाकाशी नेलं.
"कोरडं. वरचा बाहेर तरी गळत नाही."
मग उताणा गाडीखाली,
खालच्या सिलिंडरचं रबरी टोपण नखानं उचकटलं.
चमचाभर काळं पाणी त्याच्या मनगटावर.
"हा बघ तुझा चोर."

डबीच्या तळाला ऑइल, तीनदा उकळलेल्या चहासारखं.
"कधी बदललंस?"
बाबांच्या वेळी, असं म्हणणार होते,
पण बाबा बदलत नसत. वरून ओतत,
जे हाताशी असेल ते.

सीएसटी रोडवरून किट आणलं:
दोन कप, एक टोपण, एक स्प्रिंग. मूठही भरली नाही.
एवढ्याशावाचून अख्खी सुमो अडते.
पास्कूनं सिलिंडरच्या पोटात करंगळी फिरवली.
"खड्डे नाहीत. असते तर किट पाण्यात."
संध्याकाळी पेडल घट्ट,
मी ट्रॉम्बेपर्यंत शिटी वाजवत आले.

सकाळी पेडल पुन्हा जमिनीला.
खाली थेंब नाही. डबी काठोकाठ.
फोनवर पास्कू बराच वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, "पाय ठेव. जोर नको, नुसता भार.
बुडतो का?"
बुडत होता.
हळू, ओहोटीच्या चिखलात टाच जावी तसा.
"मग वरचाच. आतल्या आत सोडतोय."
"काल तर बरा होता!"
"काल खालचा गळत होता, म्हणून वरच्यावर जोर येत नव्हता.
आता खालचा नवा. नव्याचा दाब जुन्याला सोसत नाही, बाय."

मी उगाच मागं बघितलं.
कीबोर्डच्या खोक्याखाली काशिनाथकाकांची क्लॅरिनेट,
दोन वर्षं पेटी उघडलेली नाही.

वरचा अख्खाच नवा घातला.
मग हवा काढायची.
पास्कू खाली, पारदर्शक नळी, पाण्याची रिकामी बाटली.
मी वर.
"दाब." दाबलं.
"धर." धरलं.
खाली पान्याची कुरकुर, नळीत बुडबुडे, पुन्हा कुरकुर.
"सोड."
एकदा मी आधीच सोडलं,
गेलेली सगळी हवा परत आत.
पास्कू पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलला, देवाशी नसावा.
दाब. धर. सोड. डबीत ऑइल घाल. दाब.
सतराव्या वेळी माझा पाय हाकेच्या आधी पडू लागला,
आणि खालून आवाज आला:
"ताल धरू नको! लग्न नाही लागलंय इथं."

बुडबुडे थांबले.
मग एक आला, मोहरीएवढा.
त्या एकापायी आणखी वीस मिनिटं.

पैसे घेतले नाहीत.
"रात्रभर उभी राहू दे. राहिलेली हवा वर चढते.
सकाळी पहिल्याच दाबाला धरलं, तर ये पैसे घेऊन.
नाही धरलं तरी ये."

साडेपाच वाजलेत.
समोरच्या काचेत रिफायनरीची ज्योत, लहानशी, हलती.
चप्पल काढून बसलेय,
तळपाय पेडलवर,
नुसता ठेवलेला.